जिवाणी

सिदनहट्टीच्या माळावर पंपगृहाचं काम चाललं होतं. पाणी कधी यायचं ते येईल, पण आल्यावर ते उचलायला पंप पाहिजे आणि पंपाला खोली पाहिजे, म्हणून आधी खोली. जतच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या हद्दीला पाठ लावून बसलेलं हे गाव. इथल्या माणसांनी आयुष्यभर पाण्याचे नकाशे बघितलेत. नकाशावरच्या निळ्या रेघेनं चूळसुद्धा भरता येत नाही, पण दर निवडणुकीला ती रेघ थोडी लांबते आणि लोक टाळ्या वाजवतात. चैत्र सरत आला की टँकर येतो. टँकरचं पाणी गावच्या विहिरीत ओततात आणि मग बाया पोहरे घेऊन एकमेकींच्या अंगावर पडतात. याला पाणीपुरवठा म्हणतात.

भरतेश या कामावर सुपरवायझर होता. पलूसकडच्या जैन शेतकऱ्याचा पोरगा, चाळिशी ओलांडलेला, लग्न एका साइटवरनं दुसऱ्या साइटवर जाता जाता राहून गेलेलं. माणूस सरळ. दिसतं ते मानायचं, मोजता येतं ते मोजायचं, बाकीच्याला हात जोडून पुढं जायचं. इतकी वर्षं डिझेलच्या जनरेटरशेजारी उभं राहून त्याचा आवाज चढून बसला होता. साइटवर सगळ्यांचाच चढतो. ‘चहा आला’ हेसुद्धा भांडण उकरून काढल्यासारखं सांगावं लागतं.

यंदा कंपनीनं तो जनरेटर उचलून नेला आणि त्याच्या जागी पांढऱ्या कपाटासारखं एक यंत्र आणून ठेवलं. हायड्रोजनवर चालणारं. शेजारी लोखंडी पिंजऱ्यात गॅसच्या टाक्या. बरोबर पुण्याचा इंजिनियर आला, निमिष नावाचा. पोरगा गुणाचा होता, फक्त त्याच्या बुटांना अजून माती माहीत नव्हती.

“आत हायड्रोजन जातो, हवेतला ऑक्सिजन जातो,” निमिषनं सगळ्यांना उभं करून सांगितलं. “दोघं एकत्र आले की वीज मिळते. जाळायचं काही नाही. धूर नाही, आवाज नाही. बाहेर पडतं ते फक्त पाणी.”

“मग आमच्या पुढाऱ्यापेक्षा बरं हाय की,” मुकादम हंबीरराव म्हणाला. हा गडी म्हसवडचा. जीभ चाबकासारखी. “तिकडं आत काय बी घाला, बाहेर नुसती हवाच येती.”

माणसं हसली. पण ‘फक्त पाणी’ असं सिदनहट्टीत बोलू नये. हसता हसता सगळ्यांच्या माना यंत्राच्या मागच्या नळीकडं वळल्या. नळीच्या तोंडाशी एक थेंब जमला, फुगला आणि खाली ठेवलेल्या बादलीत पडला. मग दुसरा.

यंत्र चालू झालं तेव्हा चालू झालंय हे कुणाला कळलं नाही. मिक्सर फिरायला लागला म्हणून कळलं. मिक्सर थांबला की माळावर जे उरायचं त्याची कुणाला सवय नव्हती. लांबच्या वस्तीवरचं कुत्रं, सळईला लागलेला वारा, आपल्याच चपलेचा आवाज. हंबीररावनं पहिल्या दिवशी सवयीनं गवंड्याला अशी शिवी घातली की ती गावात पोरांच्या शाळेपर्यंत ऐकू गेली आणि मास्तरांचा निरोप आला.

“कान गेल्यावानी वाटतंय, साहेब,” तो भरतेशला म्हणाला. “आदी कसं, काय बी बोललं तरी झाकून जायाचं.”

भरतेशची आई, राजमती, त्याच्याजवळच राहत होती. गावात शाळेमागं एक खोली भाड्यानं घेतली होती. गावातली माणसं तिला आव्वा म्हणायची. नवरा वर्षामागं गेला. पलूसकडचं घर आणि घरामागची विहीर रस्ता रुंद करताना गेली. चार पदरी रस्ता झाला, छान झाला. गाड्या सुसाट जातात. आपण कुणाच्या विहिरीवरनं चाललोय हे गाडीतल्याला कशाला कळायला पाहिजे? लेक प्रीती सांगलीला फ्लॅटमध्ये, पण तिथं नळाचं पाणी. आणि राजमतीनं व्रत घेतलेलं. हातानं ओढून काढलेलं विहिरीचं पाणी, तेही स्वतःच्या हातानं गाळून, तेवढंच पोटात घालायचं. म्हणून तिला पोराच्या साइटवर यावं लागलं. सिदनहट्टीत बाकी काही नव्हतं, पण विहीर होती. विहिरीत पाणी होतं तोवर ती होती.

तिचं पाणी गाळणं बघण्यासारखं असायचं. घागरीवर दुपदरी जाड फडकं, त्यावर पाणी सोडायचं ते बारीक धारेनं. गाळून झालं की फडकं पिळायचं नाही. पिळलं तर त्यातले जीव मरतात. फडकं उलटं करून, त्यावर गाळलेलंच पाणी हळू ओतून, फडक्यावरचं सगळं एका छोट्या कळशीत उतरवायचं. ही जिवाणी. ही कळशी परत त्याच विहिरीत नेऊन, दोरीनं खाली सोडून, पाण्याला टेकली की अलगद कलती करायची. वरून ओतायची नाही. त्या जीवांना जिथून आणलं तिथंच सोडायचं. दुसऱ्या पाण्यात सोडलं तर ते जगत नाहीत, आणि त्या पाण्यातले आधीचेही जगत नाहीत. भरतेशनं हे लहानपणापासून बघितलं होतं. मानायचा किती, हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं. पण हाताला वळण होतं. आईचे गुडघे धरल्यापासून पाणी आणायचं आणि जिवाणी सोडून यायचं काम त्याच्याकडं होतं.

चैत्र संपता संपता विहिरीचा तळ उघडा पडला. टँकर आला, त्यानं आपलं पाणी विहिरीत ओतलं, बायांनी ते तासाभरात वर काढलं. भरतेश पहाटे कळशी घेऊन गेला तेव्हा खाली चिखल आणि त्यात एक प्लास्टिकची चप्पल.

तो रिकामी कळशी घेऊन आला. आई ओट्याशी फडकं हातात घेऊन बसली होती.

“तळ लागला, आई. आता टँकरचं येतंय.”

“टँकर कुठनं भरत्यात?”

“कुणास ठाऊक. तलावातनं, नळातनं. काय बी.”

“मग न्हाई चालायचं,” ती म्हणाली, भाजी नको म्हणावं तसं.

“अगं आई, उन्हाळा कसला हाय बघ की. पाण्याबिगर मानूस ऱ्हाईल का?”

“जेवढं ऱ्हाईल तेवढं ऱ्हाईल. तू नको जिवाला लावून घेऊ.”

दोन दिवस ती घागरीच्या तळाशी होतं तेवढ्यावर राहिली. घोट घोट. ओठ सुकून पांढरे पडले, पण तक्रार नाही, आणि तेच वाईट. रागावली असती तर भांडता आलं असतं. तिसऱ्या दिवशी ती उठताना भिंतीला धरून उभी राहिली आणि तशीच खाली बसली. भरतेशनं आजूबाजूच्या मळ्यांतल्या चार विहिरी पालथ्या घातल्या. एका म्हातारीनं त्याच्या कळशीकडं बघून नुसता हात हलवला. “नीरु इल्ला.” पाणी नाही. हे कानडीतही तेवढंच कडू लागतं.

तो साइटवर आला. यंत्राच्या मागं बादली काठोकाठ भरली होती. स्वच्छ, गार, वास नसलेलं पाणी. हंबीरराव ते नव्या खांबांवर शिंपडायला वापरायचा, निमिष त्याचे फोटो काढून कंपनीला पाठवायचा.

“हे प्यालं तर काय होतं?” भरतेशनं विचारलं.

“काय होणार? सगळ्यात शुद्ध पाणी आहे हे. पण प्यायचं कशाला?” निमिष म्हणाला. “जार येतो ना आपला.”

भरतेशनं कळशी बादलीत बुडवली.

घरी आई म्हणाली, “कुठलं रं पाणी?”

“नाथाजीच्या मळ्यातल्या विहिरीचं. लय खोल हाय. झरा हाय अजून.”

“हातानंच काढलंस न्हवं?”

“व्हय.”

नाथाजी मेंढरांवाला धनगर. त्याला ना मळा, ना विहीर. पण आईला काय ठाऊक? तिनं फडकं पसरलं, बारीक धारेनं पाणी गाळलं, हात जोडून डोळे मिटले आणि मग तांब्याभर पाणी एका दमात प्याली. पोराला आईला पाणी पिताना बघून रडू यावं, अशी वेळ आणणाऱ्या सरकारच्या तोंडात चिखल घालावा वाटतो. भरतेशला तेवढंही सुचलं नाही. त्याला फक्त बरं वाटलं. लय बरं वाटलं.

“ह्या पाण्यात जीव लय हायत रं,” आई फडकं उलटताना म्हणाली. “फडकं जड लागतंय.”

भरतेशनं हात लावला. फडकं खरंच जड होतं. पाण्यानं जड होतं त्यापेक्षा जास्त, झोपलेलं मांजर उचलल्यासारखं. वर दिसत काहीच नव्हतं. पांढरं स्वच्छ फडकं.

जिवाणीची कळशी घेऊन तो निघाला आणि वाटेत थांबला. आता ही सोडायची कुठं? आधी साइटवर गेला. यंत्राच्या नळीसमोर कळशी घेऊन खुळ्यासारखा उभा राहिला. ज्या तोंडातनं हे पाणी आलं त्यात ते परत जात नाही. मातीत ओतायला हात धजेना. यात जीव नसणारच, हे डोक्याला पटत होतं. हाताला पटत नव्हतं. शेवटी तो गावच्या विहिरीवर गेला. टँकरचं गुडघाभर पाणी नुकतंच पडलं होतं. त्यानं दोरीनं कळशी खाली सोडली, पाण्याला टेकली तशी अलगद कलती केली. पाणी पाण्यात गेलं. आपण नीट केलं, असं वाटून तो साइटवर आला.

मग रोजचं ते ठरूनच गेलं. सकाळी यंत्राचं पाणी आईला, आईच्या फडक्यावरची जिवाणी विहिरीला. संध्याकाळी तो घरी आला की दिवस मावळायच्या आत आई त्याच पाण्याचा तांब्या त्याच्या हातात द्यायची आणि तो प्यायचा. आईचा चेहरा भरून आला. ती गुडघा धरत अंगणापर्यंत चालायला लागली.

एका दुपारी हंबीररावनं खांबाच्या फळ्या काढल्या. फळ्या काढल्या की खांबावर हातोडी मारून बघायची रीत. आत पोकळ राहिलं असलं तर बद्द वाजतं, भरीव असलं तर टणटणीत. त्यानं पहिल्या खांबावर हातोडी मारली, खणखणली. दुसऱ्यावर मारली आणि तो थांबला. परत मारली. हातोडीकडं बघितलं.

“साहेब, हिकडं या जरा.”

भरतेशनं हातोडी घेतली आणि मारली. मनगटापर्यंत धक्का बसला. सिमेंटचा कपचा उडाला. आवाज आला नाही. बद्दही नाही, काहीच नाही.

“ह्याला कुठलं पाणी मारलं हुतं?”

“ह्यालाच की यंत्राचं. त्या पलीकडल्यांना टँकरचं.” हंबीरराव हसायचं म्हणून हसला. “कानात वारं गेलं असंल आपल्या.”

भरतेशनं पलीकडच्या खांबावर मारली. टण्ण. आवाज माळभर गेला.

त्यानं हातोडी ठेवून दिली आणि त्या खांबाबद्दल कुणाला काही बोलला नाही. काय बोलणार? खांब मजबूत होता. आवाज येत नाही, असं लिहायला कुठल्या फॉर्मवर रकाना नसतो.

दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा तो विहिरीच्या वाटेनं चालला होता. बायांचं भांडण जुंपलेलं लांबूनच दिसलं. एकीनं दुसरीचा पोहरा धरलेला, दोघींची तोंडं उघडी, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. रोजचंच. वारा उलटा असेल म्हणून ऐकू येत नसेल, असं त्याला वाटलं. जवळ गेला. टँकरचं इंजिन धडधडत होतं, ते ऐकू येत होतं. ड्रायव्हर रेडिओवर गाणं लावून बसला होता, ते ऐकू येत होतं. बाया भांडत होत्या. एकीचा पोहरा सुटून विहिरीत गेला. भरतेश नकळत थांबला, तो पाण्यात आदळायची वाट बघत. वाट बघत राहिला.

ड्रायव्हर खिडकीतनं वाकला. “लय शिस्तीचं गाव हाय हो हे. आधीच्या खेपंला नुसता कालवा. आता कशा गप गुमान भरत्यात बगा.”

तो साइटवर परतला तेव्हा कडेला नाथाजी मेंढरं घेऊन उभा होता. खरा नाथाजी, विहीर नसलेला. घोंगडं खांद्यावर, चेहरा उतरलेला. मेंढरं विहिरीजवळच्या कुंडात पाणी प्यायची.

“साहेब, तुमच्या यंत्रातनं काय गॅस सुटतो का?” त्यानं विचारलं.

“न्हाई. का?”

“बकरी वरडंनात. आदी घसा बसल्यावानी झाला. आता तोंड उघडत्यात, आवाज न्हाई.” त्यानं बोट दाखवलं. कळपाच्या मधोमध एक कोकरू मान उंच करून तोंड उघडत होतं, मिटत होतं. एका मेंढीपाशी जायचं, ती त्याला शिंग मारायची. दुसरीपाशी जायचं, तिनंही मारलं. “ती पांढऱ्या कानाची दिसती का? ती त्येची आय हाय. शेजारीच हुबी हाय. पर आवाज न्हाई तर ती कशानं वळखंल? मेंढी पोराला आवाजावरच घेती की, साहेब. आय दूध चढून मराय लागली, आन् पोर उपाशी.”

भरतेश काहीतरी म्हणाला. नाथाजीनं कानामागं हात धरला.

“आँ? जरा मोठ्यानं बोला की.”

हेच हंबीररावही दोन दिवस म्हणत होता. “साहेब, तुमी आता लय हळू बोलाय लागला. जनरेटर गेला, तर तुमी एकदम सायबच झाला.” भरतेश हसण्यावारी न्यायचा. ओरडायची गरज उरली नाही, म्हणून आवाज उतरला असेल.

आता तो कोकराकडं बघत उभा राहिला. खिशात फोन वाजला. प्रीती होती.

“दादा, आई कशी आहे?”

“बरी हाय.”

“हॅलो? दादा, आवाज येत नाही तुझा. हां, आला आता. थोडा येतोय. अरे, आईला तीन दिवस फोन लावते. उचलते ती, पण बोलतच नाही. रुसलीय का माझ्यावर? आज मी म्हटलं, आई, निदान हूं तरी म्हण. तेही म्हणाली नाही. मागं कोंबडा आरवत होता तो ऐकू आला. ऐकतोयस ना? मी येतेय आज. एस.टी.त बसलेच आहे, जत मागं पडलं.”

फोन बंद झाला. भरतेश उन्हात तसाच उभा.

गेले चार-पाच दिवस तो घरी गेला की आई ओठ हलवत बसलेली असायची. तिचा जप चाललाय, असं तो समजायचा. जपाच्या वेळी आईला हाक मारायची नाही, ही घरातली शिस्त. म्हणून तो गुपचूप तांब्या घ्यायचा, पाणी प्यायचा आणि मान हलवून बाहेर पडायचा. काल ती भाकरी थापतानाही ओठ हलवत होती. परवा त्याच्या शर्टाची बाही धरून ओठ हलवत होती. आणि डोळे मिटलेले नव्हते. जप करणारा माणूस समोरच्याच्या तोंडाकडं बघत नाही.

ती बोलत होती.

रोज बोलत होती. त्याला. आणि तो मान हलवून निघून जात होता.

तो यंत्रापाशी आला. निमिष नळीखालची बादली बदलत होता.

“ह्या पाण्यात काय हाय?” भरतेशनं विचारलं. दोनदा, मग तिसऱ्यांदा, घशाच्या शिरा ताणून. तेव्हा कुठं निमिषला ऐकू गेलं.

“काहीच नाही, सर. ना क्षार, ना जंतू, ना माती.” पोरगा कौतुकानं बादलीत बघत म्हणाला. “ह्यात काहीच नाही, हेच तर विशेष आहे.”

बादलीत थेंब पडत होते. वर्तुळं उठत होती.

भरतेश गावाकडं निघाला.

वाटेत त्यानं ठरवलं ते एवढंच. आईला सांगायचं. नाथाजीला विहीर नाही. तू प्यालीस ते यंत्रातलं पाणी. तुझं व्रत मी मोडलं. तुला तहानेनं मरताना बघवलं नाही म्हणून मोडलं. आणि तुझी जिवाणी मी भलत्याच पाण्यात सोडली. ती शिव्या देईल, रडेल, कदाचित उद्यापासून पाणीच सोडेल. पण तिला कळलं पाहिजे. ती जे रोज विचारतेय त्याला एकदा तरी खरं उत्तर मिळालं पाहिजे.

गावात शिरताना शाळेच्या अंगणात पोरं खेळत होती. धावत होती, एकमेकांना धरत होती, खदाखदा हसत होती. धुरळा उडत होता.

त्यानं तिकडं बघितलं नाही.

आई दारातच बसली होती. त्याला बघून तिचा चेहरा उजळला. तिनं आत जाऊन तांब्या आणला, त्याच्यापुढं धरला. उन्हातनं आलेल्याला आधी पाणी, मग बोलणं. ही तिची कायमची पद्धत.

त्यानं तांब्याकडं बघितलं. नको म्हणता आलं असतं. पण तिला पाजलं ते आपण सोडायचं, हे कुठल्या तोंडानं?

तो सगळा तांब्या प्याला. पाणी गार होतं. घशातनं उतरताना जाणवलंसुद्धा नाही.

मग तो तिच्यासमोर मांडी घालून बसला.

“आई,” तो म्हणाला, “ते पाणी विहिरीचं न्हवतं.”

आणि मग थांबलाच नाही. सगळं सांगितलं. चिखल, चप्पल, चार मळे, ती भिंतीला धरून बसली तो दिवस, बादली, निमिष, नाथाजी. जिवाणी घेऊन तो नळीसमोर उभा राहिला ते. खांब, बाया, कोकरू. सांगता सांगता त्याला हुंदका आला, तो त्यानं आवरला नाही. माफ कर म्हणाला. इतक्या मोकळ्या आवाजात तो आयुष्यात आईशी बोलला नव्हता.

आई ऐकत होती. त्याच्या ओठांकडं बघत, जराशी पुढं वाकून, कपाळाला आठी घालून. तो थांबला तेव्हा तिनं हात पुढं करून त्याचा गाल पुसला.

आणि ती बोलायला लागली.

तो तिच्या ओठांकडं बघत राहिला. एखादा शब्द कळेल म्हणून. ‘बाळा’ असेल. ‘पाणी’ असेल. ‘जा’ असेल. तिच्या डोळ्यांत राग होता की माया, तेही त्याला ठरवता येईना. चाळीस वर्षांत त्यानं आईचे डोळे एवढ्या जवळून कधी बघितले नव्हते, ते वाचायचे कसे हे त्याला माहीत नव्हतं.

“पुन्ना सांग,” तो म्हणाला. “आई, हळू सांग. पुन्ना सांग.”

ती बोलत राहिली.

अंगणात चपला वाजल्या. प्रीती दारात उभी होती. खांद्याला पिशवी, घामानं निथळलेली, धापा टाकत.

“अगं बाई, काय हे गाव तुमचं,” ती पिशवी खाली ठेवत म्हणाली. “स्टँडपासनं विचारत आले, घर कुठं, घर कुठं. माणसं नुसती तोंडाकडं बघतात. आणि मी दारात आले तरी दोघांपैकी एकानं हाक तरी मारावी?”

“प्रीती,” भरतेश ओरडला.

ती एकदा आईकडं, एकदा त्याच्याकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं.

“दादा, असे गप्प का बसलाय दोघं?”

आईचं बोलणं संपलं. तिनं पदर नीट केला, हात मांडीवर ठेवले आणि भरतेशकडं बघत, त्याच्या उत्तराची वाट बघत बसली.